दोन नंबरचा जबडा परत मिळण्याबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक,
पाणीपुरवठा यंत्र दुरुस्ती कार्यशाळा,
यांचे सेवेशी

अर्जदार : कार्यशाळेमागच्या गल्लीतील लेथवाला

विषय : लिलावात घेतलेल्या जुन्या लेथ-चकचा गहाळ जबडा परत मिळणे व अर्जदाराच्या मेहुण्यावरील किटाळ दूर होणे.

संदर्भ : काल आपल्या दालनात झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

१. अर्जदार पेशाने टर्नर असून स्वतःचा एक लेथ चालवतो. आपल्या कार्यशाळेच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्याने तीन जबड्यांचा एक चक घेतला. चक म्हणजे लेथवर फिरणारे काम घट्ट धरून ठेवणारी पोलादी मूठ. चावी फिरवली की तिचे तिन्ही जबडे एकदम सरकतात. लिलावाआधी अर्जदाराने चावी लावून तिन्ही जबडे स्वतः आत-बाहेर करून पाहिले होते. माल दुकानात आल्यावर गोणपाट सोडले, तेव्हा एक आणि तीन क्रमांकाचे जबडे जागेवर होते. दोनची खाच दात पडल्यासारखी रिकामी.

२. एवढ्याशा तुकड्यासाठी अर्ज कशाला, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जबडे त्या-त्या चकसोबतच घासून बसवलेले असतात. प्रत्येकाच्या पाठीवर चकचा नंबर आणि स्वतःचा क्रमांक ठोकलेला असतो. अर्जदाराने जुन्या बाजारातून दुसरा जबडा आणून बसवून पाहिला. काम मधोमध फिरण्याऐवजी हेलकावे खाऊ लागले आणि एका पंपवाल्याचा शाफ्ट वाया गेला. "आधी तुमचा चक सरळ करा, मग माझ्या शाफ्टला हात लावा," असे सुनावून तो बाकीचे काम उचलून घेऊन गेला.

३. अर्जदाराला पहिला संशय आपल्या भांडारपालांचा आला. विचारल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडून पूर्ण गेलाय. गोणपाटात बांधून तुमच्या माणसाच्या हातात दिला. पुढचं त्याला विचारा." हे सांगताना ते अर्जदाराकडे न बघता हातातल्या कुलुपाशी चाळा करत होते. तरीही 'तुमचा माणूस' हा शब्द अर्जदाराच्या डोक्यात जाऊन बसला.

४. तो माणूस म्हणजे अर्जदाराच्या पत्नीचा धाकटा भाऊ. लेथवर तो अर्जदारासोबतच काम करत असे. थोड्याच दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, "भावोजी, पुढेमागे मीही एक लेथ टाकावा म्हणतो." अर्जदाराने या वाक्याची आणि रिकाम्या खाचेची सांगड घातली. मेहुणा हात धुवायला गेला असता अर्जदाराने त्याची पिशवी उलटी केली, कपाटामागे हात घातला, जेवणाचा डबाही उघडून पाहिला. काही मिळाले नाही. उलट, लपवण्यात हा भलताच तरबेज दिसतो असेच वाटले. मेहुणा दारात उभा राहून बघत होता. "भाजी ढवळून बघितलीत का? तळाशी असेल," एवढेच तो म्हणाला. खुंटीवरचा सदरा काढून घातला आणि गेला तो गेला.

५. तेव्हापासून अर्जदाराच्या पत्नीने अबोला धरला आहे. जेवायला वाढते, पण ताट आपटून. काही सांगायचे असेल तर भिंतीकडे बघून सांगते : "दुकानाची किल्ली खिडकीत आहे. कुणी चोरली नाहीये." ही बाब शासकीय नाही हे अर्जदार जाणतो, परंतु जबड्याच्या बाबीपासून ती वेगळी काढता येत नाही.

६. काल अर्जदार आपल्या दालनात हजर झाला. आपण विचारलेत, "जबडा म्हणजे नेमकं काय हो? दिसतो तरी कसा?" अर्जदार उत्तर देणार, तोच त्याची नजर आपल्या टेबलावर गेली. पंख्याच्या वाऱ्याने फडफडणाऱ्या कागदांवर पायऱ्यापायऱ्यांचा एक पोलादी तुकडा ठेवलेला होता. त्याची पाठ अर्जदाराकडे होती. तीवर चकचा नंबर होता, आणि शेजारी दोनचा आकडा. मागे उभ्या असलेल्या भांडारपालांना त्याच क्षणी खोकल्याची उबळ आली. "लेखी द्या, मग बघू," असे म्हणून आपण घाम पुसलात आणि रुमाल नेमका त्या तुकड्यावर ठेवलात. हा योगायोग असू शकतो. भांडारपालांनी शोभेची वस्तू म्हणून ती आपणांस दिली असेल, हेही शक्य आहे. अर्जदार कोणावर आळ घेत नाही; एकदा घेऊन त्याने पाहिले आहे. समोरासमोर बोलायला मात्र त्याची जीभ रेटली नाही.

७. आपल्या दालनातून अर्जदार तडक मेहुण्याच्या खोलीवर गेला. "चुकलो," म्हणाला. मेहुण्याने बसायलासुद्धा सांगितले नाही. "मला चोर ठरवताना तुम्हाला पुरावा लागला नव्हता, भावोजी. निर्दोष ठरवताना मात्र मला लागेल. नुसतं चुकलो म्हणून मी यायचा नाही."

८. तरी विनंती की, आपण रुमाल बाजूला करून सदर तुकड्याची पाठ पाहावी. आकडे जुळल्यास तो जबडा अर्जदाराला देऊ नये. मेहुण्याला त्याच्या हाताने आपल्या टेबलावरून उचलू द्यावा, आणि त्या वेळी अर्जदाराला समोर उभे करावे. तो पुरावा पाहायला मेहुणा अर्जदारासोबत आला आहे, पण फाटकाबाहेरच थांबला आहे. आत येत नाही. "मी आत आलो आणि तेवढ्यात तिथलं काही हरवलं, तर नाव कुणाचं येईल?" असे तो विचारतो. आपण बोलावल्यास तो येईल.

आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसलेला,
आपला नम्र,
(सही) लेथवाला
दिनांक : आजचा, कार्यालय उघडताच

सोबत :
१) लिलावाच्या पावतीची प्रत.
२) जबडा क्रमांक एकवरून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. मूळ जबडा मागितल्यास दाखवण्यात येईल. ठेवून घेण्यास देण्यात येणार नाही.

(समासात लाल शाईने) शेरा : आकडे जुळतात. फाटकावरील व्यक्तीस मानाने आत आणा. भांडारपालांनी खुलाशासह हजर राहावे. कागदांवर ठेवायला एखादा दगड बघा.

(त्याखाली, वेगळ्या अक्षरात) पोच : जबडा मिळाला. चकमध्ये मीच बसवीन. भावोजींना घाई असते. — मेहुणा