पाकिटात काय होतं

प्रिय लालशाई,

लाँड्रीत आम्ही सगळ्याजणी तुला याच नावाने ओळखतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या उजव्या बाहीला कायम लाल शाईचा डाग असतो आणि तो काढता काढता माझ्या बोटांची सालटी निघतात. छापखान्यात तू दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतोस, म्हणून हे पत्र तुझ्या हाती द्यायला जास्तच भीती वाटते. लिहायला अकरा दिवस लागले. ओळी खाली घसरल्यात, वेलांट्या कुठल्या कुठे गेल्यात. तिकडे बघू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागव.

इकडे बरं आहे. मालकीणबाईंनी वाफेची नवी इस्त्री आणली, तिला माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. परवा मात्र एका चादरीवर तिचा डाग पडला. तशी मी कधी चुकत नाही, पण हल्ली माझं चित्त थाऱ्यावर नाही.

तू शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या ठेवून शर्ट धुवायला द्यायचास. दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभा राहून डोळ्यांनीच विचारायचास, वाचलीस का. मी मान हलवायची, हसायची. त्या बत्तीस चिठ्ठ्या मी उशीच्या अभ्र्यात जपून ठेवल्या होत्या आणि त्यातली एकही वाचली नव्हती. मला वाचता येत नव्हतं. हे एक वाक्य लिहायला दोन दिवस गेले बघ. आकडे येतात, पावत्यांचे नंबर येतात, सही म्हणून शिकलेलं एक चित्र काढता येतं. धाकट्या दोघांना सांभाळायला आईने मला घरी ठेवलं. ते दोघे शिकले, आणि मी शिकले नाही हे लपवायला शिकले. कुणी कागद पुढे केला की चष्मा घरी राहिला म्हणायची. माझ्याकडे चष्मा नाहीच, डोळे ठणठणीत आहेत. एकदा फॉर्म भरायचा होता, तेव्हा चांगल्या हाताला पट्टी बांधून गेले होते. मालकीणबाईंनी त्या हाताला आठवडाभर हळद लावली.

आपण तो परक्या भाषेतला सिनेमा पाहिला, आठवतो? खाली आपल्या भाषेत ओळी येत होत्या आणि लोक भराभर वाचत होते. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू हसलास की हसायची, तू गप्प की मी गप्प. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "तिने शेवटी त्याला जे लिहिलं, ते तुला पटलं?" मी नाही म्हणून टाकलं. तू बसस्टॉपपर्यंत वाद घातलास आणि वर म्हणालास, "तुझं स्वतःचं मत असतं, हेच मला आवडतं." वाटलं, हा ज्या बाईवर जीव टाकतोय ती मी नाहीच. ती कुणी दुसरीच आहे, आणि एक दिवस याला ते कळणार.

मग तू ते पाकीट दिलंस. म्हणालास, "घरी जाऊन नीट वाच. नको असेल तर धुतलेल्या शर्टात परत ठेव, मी एक शब्द विचारणार नाही." मला वाटलं लग्नाचं विचारतो आहेस. पाकीट ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी तू आलास, शर्ट उलगडून पाहिलास आणि तिथेच काउंटरला धरून रडलास. "एवढं सगळं कळूनही?" असं विचारलंस. मी मान हलवली. घरी जाताना माझ्या ध्यानात आलं, आनंदाने माणूस असा रडत नाही. मी नेमकं कशाला हो म्हटलं होतं? तुझी आधीची बायको आहे? तू तुरुंगात होतास? पाकीट कुणाकडून वाचून घेणार? भावाला दाखवावं तर गावभर व्हायचं, मालकीणबाईंना दाखवावं तर हळदीपासूनचं सगळं उघडं पडायचं.

म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊ लागले. एक निवृत्त नर्सबाई तिथे मोठ्या माणसांना शिकवतात. आम्ही चौघे आहोत, दोन आज्या, एक सुतार आणि मी. सुतार म्हणतो, लाकडावर रेघ सरळ येते, पाटीवर मेली नाचते. तू भाड्याची खोली शोधत राहिलास, लग्न पुढे जात राहिलं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून थोडे दिवस न मिळो. आठ महिने गेले. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी दुपारी, दार लावून मी ते पाकीट फोडलं आणि बोट ठेवून एकेक शब्द जुळवला. डॉक्टर म्हणतात दोन वर्षं, फार तर चार, असं तू लिहिलं होतंस. मग काहीच दिसणार नाही. आणि खाली, "तू मला वाचून दाखवशील, एवढ्या एका आशेवर मागतोय."

खोटं कशाला बोलू? त्या दुपारी मी ते पत्र तुझ्या शर्टात ठेवलं होतं. घडी घालून, कागदात बांधून. आंधळ्या माणसाचा संसार मला झेपेल का, या भीतीने मी तो गठ्ठा दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी गठ्ठा सोडून पत्र काढून घेतलं. तुझ्याशिवायच्या घराची भीती त्याहून मोठी निघाली.

गुरुवारी नोंदणी कचेरीत आपल्याला सह्या करायच्या आहेत. मी गप्प राहिले असते तर तुला कधीच कळलं नसतं, वाचायला तर आता येतंच. पण तू ज्या होकारावर रडलास तो होकार नव्हता, ते अज्ञान होतं. खरा होकार आज देते आहे, सगळं वाचून. तुझा होकार मात्र मी धरून ठेवत नाही. तुझे डोळे असेपर्यंत तूच हे वाचावंस, म्हणून लिहिलं. माझं वाचन मुंगीच्या पावलांचं आहे, एका पानाला अर्धा तास लागतो. तो तुला चालेल का ते ठरव. पोस्टाने चार दिवस लागले असते, तेवढा दम मला धरवला नसता, म्हणून दाराखालून सरकवते आहे. मी खाली जिन्यावर बसले आहे. दुपारची पाळी तीनला सुरू होते, तोवर बसेन. दार उघडलंस तर लगेच काही बोलू नकोस, नुसता शेजारी येऊन बस.

तुझीच,
इस्त्रीवाली