भिंतीपलीकडून व्यायाम

७ नोव्हें. २००६
मालवणला जाऊन आले. डॉ. म्हणाले, वजन ७४, साखर अगदी कडेवर. गोळी आत्ताच देत नाही, तीन महिने रोज चाला, मग बघू. रोज चाला म्हणे. तोंडवलीत!

८ नोव्हें.
अंगणवाडी सुटल्यावर देवळापर्यंत चालले. वाटेत चौघांनी विचारलं, "खंय चल्लंस गो?" तिघांना हसून टाळलं. चौथी दुकानवाली काकी, ती सोडते होय? सांगितलं, मसालो दळूक. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

१० नोव्हें.
पुन्हा गेले. काकी दारातच उभी. "मसालो दळान झालो?" तशीच मागे फिरले. समुद्रावर जावं तर तिथे अर्धं गाव जाळी दुरुस्त करत बसलेलं. चालणं बंद. कुठेही जायचं नसताना चालणारी बाई या गावात अजून व्हायची आहे.

१४ नोव्हें.
दु. ३. जरा पडले होते. भिंतीपलीकडे ढणढण गाणं सुरू झालं आणि एक बाई हिंदीतून आकडे मोजायला लागली. एक, दो, तीन, चार, सांस लीजिए. आवाज ओळखीचा. मग लक्षात आलं, ती सिनेमातली! बाळंतपणानंतर बारीक झाली आणि व्यायामाची सीडी काढली, पेपरात फोटो होता.
पलीकडे वयनी राहते, माझी थोरली जाऊ; तिच्या मुंबईच्या मुलाने तिला टीव्हीखाली ठेवायचं यंत्र आणि ही सीडी पाठवली असणार. एकाच घराचे दोन भाग केले तेव्हा भिंत आम्ही माळ्याच्या उंचीपर्यंतच घातलीय, वर कौलांखाली हातभर मोकळं. सगळं ऐकू येतं. ती नटी, आणि तिच्या मागे वयनीची धाप.

१५ नोव्हें.
पुन्हा दु. ३. नटी म्हणाली, दोन्ही हात वर. मी पलंगावर बसून होते. हात वर केले. कोण बघतंय!

२१ नोव्हें.
सहा दिवस झाले, नेमाने करते. दार लावून, भिंतीला कान देऊन. चित्र दिसत नाही हीच पंचाईत. "अब घुटनों पर, बिल्ली की तरह." मांजर नक्की काय करतं? मी आपली जमिनीवर चारी पायांवर फिरले, मोरीपासून देव्हाऱ्यापर्यंत. तेवढ्यात हे ड्युटीवरून आले. आज बांदा गाडी लवकर सुटली म्हणे.
"काय हरवलां गो?"
सांगावं लागलं. इतके हसले की ड्रायव्हरची टोपी पडली. मग म्हणाले, "जा मगे पलीकडे. बघून ये."
मी ताट वाढायला घेतलं. यांनाही कळलं, जेवायला बसले.

२२ नोव्हें.
लिहूनच टाकते, मनात फिरत राहिलंय. सासूबाईंच्या बाराव्याला, सगळ्या पाहुण्यांसमोर, वयनीने विचारलं होतं, "शेवटच्या आठ दिवसांत धाकटी खंय होती?" मी बांद्याला होते. माझे दादा, म्हणजे वडील, अंथरुणावर होते. तिला ते ठाऊक होतं. त्याच महिन्यात भिंत घातली. चार वर्षं झाली. भाऊ भाऊ बोलतात, मासे इकडून तिकडे जातात. आम्ही दोघी नाही.

५ डिसें.
आरोग्य केंद्रात वजन केलं. ७२॥. कंबर सकाळी धरत नाही. नर्सबाईंनी विचारलं, कुठे चालता? म्हटलं, घरीच.

९ डिसें.
आता मात्र कंटाळा. सीडीत तीन भाग आहेत. नटी रोज शेवटी सांगते, पहिला भाग सोपा वाटायला लागला की दुसऱ्यावर या, घाई नको, ज्याने त्याने आपल्या ताकदीने. मला पहिला पाठ झालाय, तिच्या आधी मी आकडे म्हणते. घामसुद्धा येत नाही. पण वयनी पुढे जाईल तर ना! पंचवीस दिवस तेच. वाकायचा प्रकार आला की सहाव्याला थांबते, बाकडं करकरतं, म्हणजे बसली. आळशीच आहे. तिच्यापायी माझी साखर अडली.

१३ डिसें.
आज लाइट अडीचलाच गेली. व्यायाम नाही. चुकल्याचुकल्यासारखं झालं.

१६ डिसें.
भावोजी, वयनीचे घरवाले, बांगडे घेऊन आले. होडीला चांगले मिळाले, तोंडावर दिसत होतं. कसं सुचलं माहीत नाही, मी बोलून गेले, "वयनीक सांगा, आता दुसरो भाग लाव म्हणान."
भावोजी टोपली खाली ठेवून बघतच राहिले. "कसलो भाग?" मग डोळ्यांत उजेड पडला. "गो, तुका कसां कळलां?"
बांगडे साफ करायला घेतले. कान तापलेले. ते गालात हसत गेले.

१७ डिसें.
तीन वाजायच्या आधीच दार लावून बसले. आता काय होणार? कदाचित आवाज बारीक करेल, कदाचित बंदच.
तीनला गाणं. वेगळं गाणं! दुसरा भाग. आणि आवाज रोजच्यापेक्षा मोठा.
मला करता येईना. नुसती उभी राहिले.

२० डिसें.
दुसरा भाग फार जलद. पाय वर, पाय खाली, उडी. कौलं हलतील अशा उड्या. मजा येते. वयनीची धाप मात्र ऐकू येत नाही. नीट कान दिला. ती करतच नाही.
सकाळी नळावर पाणी भरताना ऐकलं, पलीकडे पहिला भाग चालू होता, बारीक आवाजात. तो तिचा. मग तीनला ती कोणासाठी लावते?
यांना सांगितलं. हे म्हणाले, "ता तुका कळना नाय?"

१ जाने. २००७
७१. अंगणवाडीतल्या मुलांना तिळाचे लाडू द्यायला अजून अवकाश आहे, पण आज केळी वाटली. एक पोर म्हणालं, बाई, तुम्ही उडी मारता? उड्या मारूनच दाखवल्या.

९ जाने.

दु. ३ ला दुसरा भाग. आज पलीकडूनही धाप ऐकू आली. वयनी करत होती! मला बरं वाटलं, मी पण जोरात. मग उड्या आल्या आणि धप्पकन आवाज. नटी म्हणत होती, शाबाश, बहुत अच्छे. वयनीचा आवाज नाही.
हाक मारली, "वयनी!" चार वर्षांत पहिली. उत्तर नाही. अंगणातून धावत गेले, पदर खोचलेलाच.
जमिनीवर बसली होती, पाय धरून. मला बघून पहिलं वाक्य, "माका काय झाला नाय. पाय मुरगाळलो."
"मगे हाकेक ओ कित्याक दिलंस नाय?"
"रडू येय होता. कसा बोलू?"
बाकड्यावर बसवली. घोटा टम्म सुजलेला. म्हटलं, कित्याक केलंस?
"तुझी धाप आयकतंय मा मी रोज. हिका जमता, तर माका कित्याक नाय?"
म्हणजे भिंतीवरून दोन्हीकडचं जात होतं.

१० जाने.
मालवणला घेऊन गेले, यांच्या गाडीत पुढच्या सीटवर. हाड शाबूत. पट्टी, तीन आठवडे पाय टेकायचा नाही. डॉ. नी कंबर पण तपासली. कधीपासून दुखते विचारलं. वयनी डॉ. शी शुद्ध मराठीत बोलली, "सासूबाईंना उचलून उचलून. चार वर्षं झाली. तेव्हापासून वाकता येत नाही."
मी खिडकीतून बाहेर बघत होते. वाकायच्या प्रकाराला सहाव्याला थांबते म्हणून आळशी म्हटलं होतं मी.

१३ जाने.
वयनीची भाजी, भात, माशाचं सार मीच करते. भावोजी समुद्रावर. तीनला तिच्याकडेच व्यायाम, ती बाकड्यावर पाय वर करून, मी टीव्हीसमोर. पहिल्यांदा चित्र बघितलं. नटी किती लहान दिसते! आणि मांजर फिरत नाहीच मुळी, एका जागी राहून पाठ वर करायची, खाली करायची. वयनीला सांगितलं मी काय करत होते ते. इतकी हसली की पट्टीचा पाय आपटला. "देव्हाऱ्यापर्यंत? देवान काय म्हटल्यान?"

१९ जाने.
वयनी आता मास्तरीण. "गुडघो वाकडो जाता. सरळ. परत." नटीपेक्षा ही कडक. बसूनच हातांचे प्रकार ती पण करते, पहिल्या भागात खुर्चीवरचे आहेत ते. मुंबईला मुलाला फोनवर म्हणाली, तुझ्या काकीचो घाम काढतंय मी.
बाराव्याचं कोणी काढत नाही. काढावं असं मला वाटतं आणि वाटत नाही.

२ फेब्रु.
पट्टी निघाली. ७०, माझी साखर कडेपासून जरा आत आली. डॉ. नी विचारलं, चालता ना? वयनी म्हणाली, "चालते कशाला, उडते." डॉ. पण हसले.

६ फेब्रु.
तीनला गेले. वयनीने यंत्र लावलं, पण आवाज पार बारीक केला. गाणं ऐकूच येईना. मला वाटलं बिघडलं.
म्हणाली, "बस. आज नको."
बसले. ती पायाला तेल चोळत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या बापाशीचा शेवटाक काय झाला गो? मी कधी विचारूकच नाय."
चार वर्षांत या घरातून कोणी विचारलं नव्हतं. दादा गेले तेव्हाही नाही, मी निघाल्यापासून दहाव्या दिवशी परत आले तेव्हाही नाही. सगळं पाठ आहे असं वाटायचं, पण सुरुवातच सापडेना. बांद्याच्या घरापासून सुरू केलं. दादा पडवीत कसे पडले, मी निघाले तेव्हा सासूबाईंचा ताप कितीवर होता, मला कसं वाटलं होतं की दोन दिवसांत परत येईन. तिथे थांबले. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. टीव्हीवर नटी एकटीच हात वर करत होती.
"मी चुकलंय," कोणी म्हटलं नाही. तिनेही नाही, मीही नाही. मीच खरी चुकले की काय, हे मला अजून ठरवता येत नाही.
दवाखान्यापर्यंत सांगून झालं. पुढचं राहिलं. भावोजींची होडी लागायची वेळ झाली, मी उठले.
दारात म्हणाली, "उद्या वायच लवकर ये."