ह्यांचा आवाज असलेलं गाणं

मंगळवार, संध्याकाळी साडेसात. करंजाडे.

सगळी चूक माझीच हाय. उठता बसता चेष्टा करायची, मग खरं बोलल्यावर कोन ऐकतंय?

आमच्या सुशांतचा चार पोरांचा रॉक बँड. इंग्रजी गानी कोनी ऐकेना, म्हनून आता मराठी अल्बम काढतायत. बँडचं नावपन नवीन. आज हॉलमध्ये बसून जुनी गानी इंटरनेटवरनं काढून टाकत होते. त्यातलं एक ह्याच घरात रेकॉर्ड केलेलं. सुरवातीलाच ह्यांचा आवाज येतो, "मंगल, पोरांना चहा दे." जन्मभर मला "अगं ए" म्हनले. आमच्या गावाकडं बायकोला नावानं कोन हाक मारतं? त्या दिवशी कसं तोंडातून गेलं, देव जाने. ह्यांना जाऊन तीन वर्सं झाली. रोज दुपारी मोबाइलवर इंटरनेटवरनं तेवढंच लावते. मंगल.

मी म्हनाले, "ते एक ठेवा रे, माझा नवरा हाय त्यात."

गिटारवाला खिदळला, "काकू, कालपर्यंत तर म्हनत होता, हे गानं ऐकून म्हैस दूध द्यायची नाही!"

सगळे हसले. मीपन हसले. का हसले मी? तेवढ्यात सुशांतनं बटन दाबलं.

मग माझ्या तोंडाकडं बघितलं. "आई, खरंच बोलत होतीस?"

आता तो आत जुना कम्प्युटर घेऊन बसलाय. त्यात ते गानं असंल म्हनतो, पन चालूच होईना. माझा आत जायचा धीर होत नाही. पोरं अजून हॉलमध्ये गप बसलीत. कोनीतरी हसा की रे.