बुटाच्या टाचेवर दोनदा

कोल्टर रन, पेनसिल्वेनिया
मंगळवार, दुपारचं जेवण उरकून

ती. लीलंडभाऊ यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे ड्वाइटचा, गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्यानेच केलेला नमस्कार. ॲरिझोनाचं कोरडं ऊन तुम्हाला मानवत असेल आणि डोळ्यांत थेंब वेळेवर घालत असाल असं धरून चालतो. हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या शेजारीणबाईंनाही नमस्कार (बाई, कंसातलं गाळू नका, खरं काय ते मी कंसातच लिहितो). तुमची बहीण ठणठणीत आहे. गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात नॉरीनने एकटीने बटाट्याचं सारण भरून चारशे पिरोगी दुमडल्या आणि उकळताना त्यातली एकही फुटली नाही, हे भावाला कळवायलाच हवं असं तिने मला बजावलंय. माझा गुडघा, छपराची गळती आणि कुत्रा तिन्ही होते तसेच आहेत. फोनवर तुम्ही हवामानापलीकडे बोलत नाही. नेमबाजीच्या क्लबचं नाव काढलं की 'पिस्तूल टेसाला दिलं, माझा संबंध संपला' म्हणून ठेवून देता. पत्राला तसं ठेवून देता येत नाही, म्हणून लिहितोय.

तर तुमच्या लेकीची, टेसाची गोष्ट. जोडीच्या सामन्यात यंदा तुमच्या जागी ती माझ्याबरोबर उभी राहणार, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एकोणीस वर्षं आपण दोघांनी बक्षिसाचा तो धुरावलेला हॅम जिंकायचा प्रयत्न केला आणि चारदा जिंकलाही (एकदा समोरची जोडी आलीच नव्हती, पण हॅमला काय कळतंय). पोरीचा हात तुमच्यासारखाच स्थिर आहे. भानगड झाली ती काडतुसांची. मॅगझीनमध्ये (बाई, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची काडतुसांची डबी) पाच भरायची, पहिली दोन सुटतात, आणि तिसरं आत तिरकं होऊन बसतं ते वर यायचं नावच घेत नाही. पहिल्या शनिवारी तीनदा, दुसऱ्या शनिवारी पाचदा. ती इस्पितळात एक्स-रे काढते, त्यामुळे आत काय अडलंय हे न दिसणं तिला अजिबात खपत नाही. तिने मॅगझीन माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, राग मानू नका, पण तुम्ही भरलेल्यांवर माझा भरवसा नाही. सामन्यात एकदा जरी अडकलं ना, तर हे पिस्तूल कपाटात जाईल ते कायमचं. बाबांची वस्तू मला चारचौघांत हसं करून घ्यायला नकोय." भाऊ, मला फार लागलं. सहा वर्षं झाली, तुम्हाला जवळचं दिसेनासं झाल्यापासून आपल्या दोघांची काडतुसं, दारूपासून गोळीपर्यंत, गॅरेजमधल्या टेबलावर मीच हाताने भरतोय, आणि तुमच्याकडून एक तक्रार नाही!

मग मी शोध सुरू केला. (आता मजा आहे, बाई, सावकाश वाचा.) पहिला संशय स्प्रिंगवर. नवी आणून बसवली, तरी तिसरं अडकलंच. नंतर वाटलं, गोळ्यांना मी जे मेण लावतो ते जास्त होऊन चिकटत असेल. मॅगझीन इतकं धुतलं की नॉरीन म्हणाली, जेवणाच्या ताटांना असा हात कधी लावला नाहीत. तेही नाही. काडतुसांच्या पितळी पुंगळ्या बुडाशी फुगल्या असतील म्हणून एकेक तपासली, सगळ्या सरळ. मला तर आता झोपेतून उठल्यावर पहिला विचार तिसऱ्या काडतुसाचाच यायला लागला. दोन जातात आणि तिसऱ्यालाच काय होतं? या वयात मला एवढं कुतूहल दुसऱ्या कशाचंच वाटलेलं नाही, लग्नाचंसुद्धा (नॉरीन हे पत्र टाकण्याआधी वाचणार आहे, पण असो).

शेवटी युक्ती सुचली. दारू न घालता पाच पोकळ काडतुसं केली आणि त्यांच्या तोंडांना नॉरीनची रविवारची लिपस्टिक फासली. आत जिथे घासेल तिथे रंग लागेल, एवढाच हिशेब. मॅगझीनमध्ये दाबली, तिसरं अडकलं, काढून टॉर्चने बघतो तर पुढच्या भिंतीला आतून लालभडक रेघा! म्हणजे गोळीचं तोंड पुढे घासतंय. म्हणजे काडतूस लांब आहे. मी आनंदाने टाळी वाजवली, तोच हात कॉलरला पुसला, आणि तसाच पिरोगीचं पीठ पोचवायला चर्चमध्ये गेलो. तिथे मिसेस ह्राबोव्स्कींनी कॉलरकडे बघितलं, मग नॉरीनच्या कोऱ्या ओठांकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून माझ्याशी फक्त मान हलवून बोलतात.

आता रागावू नका. तुमच्या पिस्तुलात गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसायला हवी, बाटलीत बूच काठाला लावून दाबतो तशी. माझ्या काडतुसांची नखाच्या कडेएवढी बाहेर राहते. पण मी माप घेतो ते तुमच्याच नमुन्यावरून! भरायचं टेबल माझ्या हवाली करताना तुम्ही म्हणाला होतात, 'खिळ्यावर टांगलंय ते नीट बघ.' सहा वर्षं ते नमुन्याचं काडतूस मी देवासारखं जपलंय. गेल्या आठवड्यात मोजायला व्हर्नियर लावला, तर त्याचीही गोळी तेवढीच बाहेर. म्हणजे चूक मुळातच तुमची, भाऊ. माझं रिव्हॉल्व्हर, त्याला मॅगझीनच नाही, त्यामुळे मला कधी अडलं नाही.

आणि तुम्हाला का अडलं नाही, तेही मी शोधलं. मॅगझीन भरलं की त्याची पाठ बुटाच्या टाचेवर दोनदा आपटायची तुमची सवय! आपटलं की काडतुसं मागच्या भिंतीला सरकतात आणि वाट मोकळी होते. आम्ही समजत होतो, हा तुमचा शकुन. तुमचं बघून अख्खा क्लब आपटायला लागला. मी तर मॅगझीन नसताना रिकामा हातच टाचेवर आपटतो. टेसाला सांगितलं, तू पण आपट, तर म्हणाली, असल्या अंधश्रद्धा मी पाळत नाही. म्हणून तिचं अडकतंय आणि तुमचं अडकत नव्हतं. आता सांगा, स्वतःच्याच चुकीचा एवढा मोठा रिवाज करून ठेवलात आणि कोणाला थांग लागू दिला नाहीत, याला काय म्हणायचं?

असो. लहान तोंडी फार बोललो. सामन्यासाठी सपाट तोंडाची साठ काडतुसं नव्याने भरली, टेसाने स्वतः तपासली, सगळी सरळ गेली. तिने हसून माझ्या पाठीवर थाप मारली. उरलेली अकराशे जुनी मी रोज थोडी थोडी ठोकून उघडतोय. ठोकण्याच्या आवाजाने कुत्रा पलंगाखालून बाहेर येत नाही.

तुमच्या डोळ्यांना आराम पडो, एवढंच मागणं.

तुमचा,
ड्वाइट

ता.क. नॉरीनने पत्र वाचलं. लग्नाचा कंस तिने दोनदा वाचला. उठली, सरळ गॅरेजमध्ये गेली आणि खिळ्यावरून तुमचा नमुना काढून आणला. त्याला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे, हे मला माहीत होतं. वरच्या बाजूला तुमचं नाव, एवढंच मी वाचलं होतं. तिने ती उलटी केली. मागे तुमच्याच अक्षरात लिहिलंय: 'हे लांब झालंय. मॅगझीनमध्ये अडकतं. असं करू नकोस.'

ता.क. दुसरा. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला कळलं होतं. सहा वर्षं माझी बिघडलेली काडतुसं तुम्ही टाचेवर आपटून चालवलीत, आणि वर दर शनिवारी म्हणायचात, 'छान भरलीस, ड्वाइट.' मला वाईट वाटू नये म्हणून. वरचं सगळं पत्र फाडणार होतो, पण नॉरीन म्हणाली, जाऊ दे तसंच, भावाला हसू येईल. भाऊ, मला मात्र हसू येत नाहीये.

ता.क. तिसरा, आज गुरुवारी, आणि पत्र लिहिलं ते खरं यासाठीच. सामना येत्या नाही, पुढच्या शनिवारी. बैठकीतल्या पलंगावर तुमच्यासाठी चादर घातली आहे. नेम धरायला नका येऊ, टेसा धरेल. तिच्या शेजारी खुर्चीत बसून मॅगझीन तेवढं तुम्ही भरा. त्याला डोळे लागत नाहीत, अंगठा पुरतो. तिसरं काडतूस आत सरकेल तेव्हा तुमच्या अंगठ्याला कळेल की या वेळी मी खरंच छान भरलंय. नंतर वाटलं तर टाचेवर आपटा. टेसाला मी चिठ्ठी दाखवली. काल सरावाला तिने दोनदा आपटलं.