हक्कसोडीचा साक्षीदार

१२ जानेवारी १९८४
सालोमी आली! सांडोरच्या केळीच्या वाडीतली, माझी संस्कृतची विद्यार्थिनी. आता विलायतेत विद्यापीठात कायदा शिकवते – जगभरच्या माणसांचे हक्क हा तिचा विषय. साप्ताहिकाला बातमी हवी म्हणून गाठलं. कोर्टात किती खटले जिंकलीस? एकही नाही. काळा कोट? शिवलाच नाही. म्हटलं, म्हणजे काठावरून पोहायला शिकवतेस. हसली. पूर्वी फळ्यामागे लपून हसायची.

१४ जानेवारी
तिळगुळाला आली. जिनिव्हातल्या बड्या मंडळींना तिने अहवाल दिलाय – बायकांच्या नावची जमीन त्यांच्याच सहीने कशी जाते. त्यासाठी तीन देश हिंडली म्हणे. बाईंना प्रवासाची हौस!

१५ जानेवारी
बातमी धाडली. ‘सांडोरच्या कन्येची जिनिव्हात वाहवा’. संपादक ‘वाहवा’ कापणार.

१७ जानेवारी
प्रेमलताचं हक्कसोडपत्र तयार. आमचे वडील, नाना, गेल्यापासून होळी गावच्या वाडीवर माझ्याबरोबर तिचंही नाव लागलंय. शुक्रवारी येऊन सही करील. बहिणी करतातच. साक्षीदार दोन हवेत. एक शेजारचे दिनानाथ. दुसरी सालोमी – एवढी कायदेपंडित गावात असताना आणखी कोणाला शोधा?

१८ जानेवारी
सालोमीने कागद दोनदा वाचला. मी विचारलं, बाई, किती गुण?
म्हणाली, “भाषा शुद्ध आहे, सर. माझाही असाच होता. शिकायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी पास्कलला वाडी सोडून दिली. साक्षीदार तुम्हीच होतात.”
पास्कल तिचा भाऊ. मला आठवेना. मग आठवलं – तिने सही केली आणि मी तिच्या अक्षराचं कौतुक केलं होतं!
“प्रेमलताबाईंनी वाचलाय का हा?”
सालोमी साक्षीदार व्हायला नाही म्हणाली. चहा मात्र घेतला, साखर कमी म्हणून माझ्या बायकोकडे, जयवंतीकडे, तक्रारही केली.

१९ जानेवारी
दिवसभर एकही थट्टा सुचली नाही. जयवंतीने कपाळाला हात लावून ताप बघितला.

२० जानेवारी
प्रेमलता सकाळच्या एस.टी.ने आली. आल्या आल्या म्हणाली, “दादा, पेन दे, कुठे करायची सही?” मी पेनऐवजी माझा चष्मा दिला. आधी वाच म्हटलं. सावकाश वाचलं, पुन्हा पहिल्या पानावर गेली. मग कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.
“विहिरीकडची बाजू कुठवर येते, ते बघून येते.”
चष्मा घेऊनच गेली. हे अंदाजाने लिहितो आहे.