चीजला ऊन

११ एप्रिल, सकाळी ९
इटलीचं चाळीस किलो चीज मुंबई विमानतळावर कस्टममधून सुटलं. एजंट अश्विनने फोनवर खात्री दिली : नमुना पास, अन्न सुरक्षेचा ना-हरकत दाखला हातात. अकोल्यातला पहिला चीज आयातदार मीच असणार. नियमांची पुस्तिका पाठवतो म्हणाला. नको म्हटलं. घरात तीन पिढ्या वकिली झाली, कायदा रक्तात आहे. एकवीसला अमरावतीच्या रिसेप्शनमध्ये नितेश केटररचं चीज काउंटर. ते जमलं की त्याचं वर्षभराचं काम माझं.

१३ एप्रिल
माल जठारपेठेत, घरी. पहिलं पाकीट फोडलं. ओल्या मोज्यात दूध नासावं तसा वास. आत निळी-हिरवी बुरशी. शिसारी आली. सगळी पाकिटं फोडली. सगळी तशीच. अनुपमा म्हणाली, खोक्यावर ‘ब्लू’ लिहिलंय. बायकोला काय कळतं? तो कंपनीचा रंग.
संध्याकाळी अन्न सुरक्षा खात्याकडे ऑनलाइन तक्रार ठोकली. कंपनीला अद्दल घडेल. तोवर माल वाचवायचा.

१४ एप्रिल
बाळापूरचं आमचं वावर पाहणारे नत्थुजी आले. नाकाला दुपट्टा लावून पाहणी केली. म्हणाले, “दाळीले जाळं लागलं त आपण काय करतो भाऊ? ऊन दाखवतो. याले बी दाखवा.”
अनुभवी माणूस. काथ्या, मीठ, कोमट पाणी घेऊन बुरशी घासून काढली. ओकारी दोनदा आवरली, तिसऱ्यांदा नाही. मग गच्चीवर जुन्या पातळावर माल मांडला. अनुपमाने आपल्या कुरडया उचलल्या आणि बोलणं बंद केलं.

१४, दुपारी २
बेचाळीस अंश. चीज पन्हाळीतून उतरतंय. शेजारचे मोरोपंत विचारून गेले, वर काय मेलंय. इटालियन आहे म्हटलं.

१५ एप्रिल
उरलेलं स्टीलच्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये थिजवलं. आकार मुळापेक्षा सुबक. जुनी लेबलं तुपकट झाली, म्हणून अंकुरच्या प्रेसमधून नवी आणली : ‘शुद्ध, बुरशीमुक्त’. तारीख एक वर्ष पुढची टाकली. ऊन दाखवलेला माल टिकतोच.

१७ एप्रिल
तक्रारीची दखल! अन्न सुरक्षा अधिकारी प्रणाली मॅडम स्वतः आल्या. चहा नाकारला. मी घासण्याआधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठे करून पाहिले. मग म्हणाल्या, हे चीज असंच असतं, बुरशी मुद्दाम घालतात.
“बुरशी कायदेशीर होती. या घरात तेवढंच कायदेशीर होतं.”
पाकिटं फोडणं, पुन्हा भरणं, लेबल आणि तारीख बदलणं, सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, तक्रारदार मी आहे. त्या म्हणाल्या, आयातदारही तुम्हीच, आणि जबाबदारी आयातदाराची. डबे सील, माल नष्ट करायचा. त्यात अनुपमाचा माहेरचा पुरणाचा डबाही गेला.

१८ एप्रिल
नितेशचा फोन. काउंटर पनीरचं करतोय. वर्षभराचं काम दुसऱ्याला दिलं. माणसाला दर्जा कळत नाही.
माल पुरायला वावरात जागा मागितली. नत्थुजी म्हणाले, “वावरात नोका आणू भाऊ. कुत्रे उकरतीन.”

१९ एप्रिल
मंगळवारी अकराला पंचांसमोर माल नष्ट होणार. मी हजर राहायचं आहे. पंच म्हणून गल्लीतलं कोणी यायला तयार नाही. एकटे मोरोपंत येतो म्हणाले, तेही वारा उलट्या दिशेचा असेल तर.