वरचा मजला आणि माझा ओटा

२ फेब्रुवारी, रविवार
ठरलं! गच्चीवर मजला चढणार, आणि तो आमचा – मी, नवरा आणि लेक. खाली सासूबाई. नवऱ्याला झोपायला जागा मिळाली की झालं. मला मात्र स्वयंपाकघर हवंय. माझं! अकरा वर्षं आम्ही दोघी एकाच ओट्याशी. मी भाजी केली की त्या मागून येणार, चव बघणार आणि एक शब्द न बोलता चिमूटभर तिखट वाढवणार. जीव जातो माझा!

५ फेब्रुवारी
इंजिनिअर येऊन गेला. "खाली आहे की ओटा, वर कशाला?" तुझं काय जातं रे बाबा! नवऱ्याने पटकन दार लोटून घेतलं. सासूबाई आत होत्या ना, ऐकू गेलं तर!

९ फेब्रुवारी, रविवार
कागदावर काही कळेना. मग लेकीचे खडू घेतले आणि गच्चीवर खऱ्या मापाचा मजलाच आखला. हॉल, बेडरूम, बाथरूम, खिडकीशी माझा ओटा. दुपारभर त्या रेघांत संसार केला! नवरा भिंतीतून आरपार गेला की लेक ओरडायची, "बाबा, दारातून या!" मी हवेत फोडणीसुद्धा दिली.

मग लेक पाणी प्यायला खाली निघाली आणि थबकली. "अगं आई, जिन्याचं दार बाथरूममध्ये उघडतंय!" धन्य आम्ही! बाथरूम सरकवली, तर ओटाच गेला.

१० फेब्रुवारी
हटून बसले. हॉल बारीक करा, बेडरूम बारीक करा, ओटा राहिलाच पाहिजे. नवरा – "बरं बाई, राहील. पण आईला सांगणार कोण?"
मी नाही. तोही नाही.

१३ फेब्रुवारी
अजून कोणीच सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
सासूबाई आपण होऊन गच्चीवर आल्या. "हे काय आखलंय?" टाकलं एकदाचं बोलून – "आई, वर वेगळं स्वयंपाकघर करतोय." त्या खडूच्या दारातून नीट आत गेल्या, नव्याने आखलेल्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. बराच वेळ. "छान आहे," म्हणाल्या आणि खाली गेल्या. सुटले!

१७ फेब्रुवारी
सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "वर मी राहीन. तुम्ही खालीच राहा. लग्न झाल्यापासून दुसऱ्यांच्या आवडीचं रांधतेय, आता मला हवं तसं करीन." मी हसायला गेले आणि रडूच आलं. मला त्या जवळ नको होत्या, ते ठीक. पण त्यांनाही मी नकोशी झाले असेन, हे अकरा वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं!